गेम चालला, कंपनी बुडाली

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये टीएचक्यू या अमेरिकी गेम-प्रकाशक, म्हणजे स्टुडिओंना पैसे पुरवून त्यांचे गेम बाजारात आणणाऱ्या, कंपनीने दोन गोष्टी बाजारात आणल्या. एक होता ‘सेंट्स रो: द थर्ड’ हा गेम. इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन या विद्यापीठाच्या गावात व्होलिशन नावाच्या स्टुडिओने तो बनवला होता. समीक्षकांना तो आवडला, खेळणाऱ्यांनी उचलून धरला आणि जानेवारी संपेपर्यंत त्याच्या ३८ लाख प्रती दुकानांकडे रवाना झाल्या होत्या. दुसरी वस्तू होती यूड्रॉ नावाची, टीव्हीच्या पडद्यावर चित्रं काढायची प्लास्टिकची पाटी. तिचे सुमारे १४ लाख नग पडून राहिले. तेरा महिन्यांनी, १९ डिसेंबर २०१२ रोजी, टीएचक्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला.

गेम बनवणारी कंपनी बुडाली की तिचे गेम पडले असणार, असं आपण गृहीत धरतो. सिनेमा पडला की निर्माता बुडतो, तसंच इथेही असणार असं वाटतं. पण गेल्या पंधरा वर्षांतल्या मोठ्या पडझडी नीट पाहिल्या तर वेगळंच दिसतं. गेम पडणं हा या धंद्यातला रोजचा भाग आहे. चार गेम काढले तर एखादा चालतो, आणि त्या एकाच्या कमाईवर उरलेल्या तिघांचा खर्च निघतो. म्हणजे पडलेला गेम पचवता येणं हेच प्रकाशकाचं मूळ काम. ज्या निर्णयांनी ही पचवायची ताकदच संपते, ते निर्णय कंपनी बुडवतात. असे निर्णय गेम बनवणाऱ्यांच्या टेबलावर होत नाहीत. ते संचालकांच्या बैठकीत होतात, आणि त्यांचं बिल मात्र खालच्या मजल्यावर पाठवलं जातं.

टीएचक्यूची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ही कंपनी नवशिकी नव्हती. १९९० च्या सुमारास खेळण्यांची कंपनी म्हणून ती सुरू झाली. नावातली अक्षरंही ‘टॉय हेडक्वार्टर्स’ची. पुढे तिने खेळणी सोडून गेम धरले. निकलोडियनची कार्टून, पिक्सारचे चित्रपट, डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती अशा लोकप्रिय नावांचे परवाने घ्यायचे, त्यांवर मुलांसाठी गेम काढायचे आणि सुट्टीच्या हंगामात विकायचे, हा तिचा हुकमी धंदा. २००७ मध्ये तिचा शेअर तीस डॉलरच्या वर होता. पुढे मुलांच्या गेमांची बाजारपेठच हलली. मुलांच्या हातात आधी आयांचे फोन आले आणि २०१० मध्ये आयपॅड आला. एका डॉलरला किंवा फुकटात गेम मिळू लागल्यावर चाळीस-पन्नास डॉलरचा कार्टूनवाला गेम घेणार कोण? हा बदल टीएचक्यूच्या हातातला नव्हता. त्याला उत्तर काय द्यायचं, हे मात्र पूर्णपणे तिच्या हातात होतं.

आणि इथेच यूड्रॉ आली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ती पहिल्यांदा निन्टेन्डोच्या वी या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठी, निघाली तेव्हा चांगली खपली, दहा लाखांहून अधिक नग गेले. वी हे घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचं यंत्र होतं आणि लहान मुलं हा त्याचा मोठा ग्राहक. पाटीवर लेखणीने रेघ ओढली की टीव्हीवर उमटते, याचं मुलांना अप्रूप वाटणं साहजिकच होतं. वरिष्ठांनी यावरून निष्कर्ष काढला की पाटी खपते. पुढच्याच वर्षी त्यांनी तीच पाटी एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साठी काढली, तीही प्रचंड संख्येने.

या दोन कन्सोलवर खेळणारा बहुसंख्य ग्राहक तरुण, बंदुका आणि मोटारींचे गेम खेळणारा. ज्या घरांत सहा वर्षांची चित्रं काढणारी मुलं होती, तिथे एव्हाना आयपॅड पोचत होता, आणि आयपॅडवर बोटानेही रेघ उमटते. पाटी तीच होती, पण गिऱ्हाईक बदललं होतं आणि एका वर्षात काळही बदलला होता. कोणत्याही दुकानात उभ्या असलेल्या विक्रेत्याला विचारलं असतं तर त्याने हे सांगितलं असतं.

खरी मेख पुढे आहे. गेमची डिस्क छापायला फारसा खर्च येत नाही. नाही खपली तर नुकसान होतं ते मुख्यतः आधीच झालेल्या विकासखर्चाचं. पण यूड्रॉसारखी वस्तू आधी कारखान्यात बनवावी लागते, प्रत्येक नगाचे पैसे आधी मोजावे लागतात, ती बोटीने आणावी लागते, गोदामात ठेवावी लागते. दुकानदार माल परत पाठवायच्या गोष्टी करू लागला की किंमत पाडावी लागते आणि त्या सवलतीचा भारही प्रकाशकावरच येतो. म्हणजे गेमचा धंदा करणाऱ्या कंपनीने स्वतःहून कारखानदारीचा धोका अंगावर घेतला, आणि तोही अंगावर दहा कोटी डॉलरचे कर्जरोखे असताना, ज्यांची परतफेड २०१४ मध्ये यायची होती. यूड्रॉमुळे विक्रीत अपेक्षेपेक्षा जी तूट आली, तीही सुमारे दहा कोटींचीच.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०११ ही तिमाही म्हणजे नाताळाची, वर्षाच्या कमाईची तिमाही. तीत कंपनीला ५ कोटी ५९ लाख डॉलरचा तोटा झाला. मार्च २०१२ ला संपलेल्या आर्थिक वर्षाचा तोटा जवळजवळ २४ कोटींवर गेला. फेब्रुवारीत सुमारे २४० जणांना घरी बसवण्याचं जाहीर झालं. शेअर एका डॉलरखाली गेला, नॅसडॅक या शेअर बाजाराने यादीतून काढण्याची नोटीस दिली, आणि जुलैमध्ये दहा शेअरांचा एक करून भाव कागदोपत्री वर आणावा लागला.

निव्वळ यूड्रॉने टीएचक्यू बुडाली असं म्हणणं मात्र सोपं उत्तर होईल. त्याआधीची दोन वर्षं पाहिली तर निर्णयांची एक सवयच दिसते. ‘होमफ्रंट’ या युद्धाच्या गेमवर कंपनीने मोठी भिस्त ठेवली होती, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ला टक्कर द्यायची म्हणून. मार्च २०११ मध्ये तो आला, परीक्षणं बेताची आली, आणि शेअर एका दिवसात पाचव्या हिश्श्याहून अधिक कोसळला. जूनमध्ये तो बनवणारा न्यूयॉर्कचा काओस स्टुडिओ बंद झाला. बाजारात सर्वांत मोठा जो आहे त्याच्याच अंगणात जाऊन, त्याच्यापेक्षा कमी पैशांत, त्याच्यासारखंच काहीतरी करायचं: या एका हट्टापायी किती स्टुडिओ गेले त्याची गणतीच नाही. सोनीसारख्या बलाढ्य कंपनीनेही हेच केलं. तिचा ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. ऑक्टोबरमध्ये स्टुडिओला टाळं. सोनी तरली, कारण सोनीला तो धक्का पचतो. टीएचक्यूला पचणार नव्हता, आणि हे ओळखणं हीच वरच्यांची जबाबदारी होती.

‘मेट्रो: लास्ट लाइट’ची हकिकत तर वाचताना मला आजही राग येतो. हा गेम युक्रेनच्या कीव्हमध्ये ४ए गेम्स हा छोटा स्टुडिओ बनवत होता. मे २०१२ मध्ये टीएचक्यूच्या अध्यक्षपदी आणलेले जेसन रुबिन तिथे जाऊन आले आणि कंपनी बुडाल्यानंतर त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. लग्नाच्या मांडवात असतात तसल्या घडीच्या खुर्च्यांवर, पत्ते खेळायच्या टेबलांना टेकून, कोपराला कोपर लावून माणसं काम करत होती. वीज जायची. बजेट सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या दहा टक्के. आणि या लोकांवर प्रकाशकाने सक्ती काय केली? याच पैशांत आणि याच मुदतीत, एकट्याने खेळायच्या गेमला अनेकांनी मिळून खेळायचे दोन प्रकार जोडा. का, तर मोठ्या गेमांत ते असतात. त्या भागांवर माणसांचे महिने गेले आणि शेवटी ते काढून टाकावे लागले. विक्रीच्या सादरीकरणात एक ओळ वाढावी म्हणून घडीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे महिने वाया घालवणं, याला मी व्यवस्थापन म्हणायला तयार नाही. तरीही तो गेम मे २०१३ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून आला आणि लोकांना आवडला. श्रेय त्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं.

जानेवारी २०१३ मध्ये टीएचक्यूचा लिलाव झाला. कॅनडाचा रेलिक स्टुडिओ सेगाने २ कोटी ६६ लाख डॉलरला घेतला. व्होलिशन, ‘सेंट्स रो’सकट, कोख मीडियाला २ कोटी २३ लाखांना गेला. ‘साउथ पार्क’चा गेम आणि माँट्रियलचा स्टुडिओ यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने उचलला. ज्याच्यावर एवढी भिस्त होती त्या ‘होमफ्रंट’चे हक्क साडेपाच लाखांत क्रायटेककडे गेले. ‘डार्कसायडर्स’ बनवणाऱ्या, ऑस्टिनमधल्या व्हिजिल स्टुडिओला मात्र बोलीच लागली नाही. पाच महिन्यांपूर्वीच त्यांचा दुसरा भाग बाजारात आला होता. त्या लोकांना सामान आवरून घरी जावं लागलं.

या यादीकडे पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. खरेदीदारांनी पैसे मोजले ते स्टुडिओंसाठी, माणसांसाठी, त्यांनी उभ्या केलेल्या गेमांसाठी. गेम बनवायची कुवत शाबूत होती आणि ती विकायलाही लगेच सापडली. निकामी झाला होता तो तिच्या वर बसलेला थर.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. गेमचा धंदा जुगाराचाच आहे, धोका न पत्करता नवं काही होत नाही, आणि निकाल लागल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं. यूड्रॉ एक्सबॉक्सवर चालली असती तर फॅरेल यांना दूरदर्शी म्हटलं असतं. ब्रायन फॅरेल हे टीएचक्यूचे प्रमुख, कंपनी वर नेण्यात त्यांचाच हात होता, आणि न्यायाला धरून हेही सांगायला हवं की फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचा पगार वर्षभरासाठी निम्मा केला.

पण माझा आक्षेप धोका पत्करण्याला नाहीच. यूड्रॉ दोन लाख नगांनी काढून पाहता आली असती. खपली असती तर आणखी बनवता आली असती. नसती खपली तर एक वाईट तिमाही आली असती आणि गेली असती. पैज चुकणं वेगळं आणि पैजेवर घरदार लावणं वेगळं. पहिल्याबद्दल मी कोणालाही माफ करेन. दुसऱ्यात हरतो तो वेगळाच माणूस, ज्याला पैज लावताना कोणी विचारलेलंही नसतं, आणि म्हणून ते माफ करता येत नाही.

याच काळात याच धंद्यात निन्टेन्डोही अडचणीत आली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये तिने जपानमध्ये ३डीएस हे हातातलं यंत्र २५ हजार येनला काढलं. ते इतकं कमी खपलं की ऑगस्टमध्ये किंमत १५ हजारांवर आणावी लागली. प्रमुख सातोरू इवाता यांनी आपला पगार निम्मा केला. पुढे वी यू हा कन्सोल तर सपशेल पडला. जगभर मिळून १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपला, आधीच्या वीच्या मानाने काहीच नाही. जानेवारी २०१४ मध्ये इवातांनी पुन्हा पाच महिन्यांसाठी पगार निम्म्यावर आणला. त्याआधी, २०१३ च्या भागधारकांच्या सभेत, खर्च कमी करायला नोकरकपात का करत नाही असं त्यांना विचारण्यात आलं होतं. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की कधीही काढून टाकतील या भीतीत बसलेला माणूस जगाला भावेल असा गेम बनवू शकत नाही. तीच माणसं टिकली आणि २०१७ मध्ये त्याच कंपनीचा स्विच आला.

इवाता साधुपुरुष होते असं मला म्हणायचं नाही. ते हे म्हणू शकले कारण निन्टेन्डोच्या तिजोरीत भरपूर रोकड होती आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. चांगल्या वर्षांत राखून ठेवलेला पैसा वाईट वर्षांत माणसं राखायला उपयोगी पडला. फॅरेल यांनीही पगार निम्मा केला होता, पण त्यांच्या तिजोरीत असा पैसा नव्हता, त्यामुळे त्यांची पगारकपात नोकरकपातीच्या जागी आली नाही, तिच्यासोबत आली.

टीएचक्यूची गोष्ट इथे संपली असती तर तिच्यावर एवढं लिहायची गरज नव्हती. पण तिचा दुसरा अंक घडला, आणि तो पहिल्याहून वाईट आहे.

लिलावात उरलेले ‘डार्कसायडर्स’सारखे हक्क स्वीडनच्या नॉर्डिक गेम्सने घेतले. पुढे तिने टीएचक्यू हे नावही विकत घेतलं आणि २०१६ मध्ये स्वतःचं नाव टीएचक्यू नॉर्डिक ठेवलं. मालक लार्स विंगेफोर्स, गाव कार्लस्टाड. सुरुवातीची त्यांची रीत शहाणपणाची होती: बुडालेल्या कंपन्यांचे विसरलेले गेम स्वस्तात घ्यायचे, बेताच्या खर्चात त्यांचे नवे भाग काढायचे आणि ज्या थोड्या लोकांना ते हवे आहेत त्यांना विकायचे. अंथरूण पाहून पाय पसरणारी कंपनी. २०१८ मध्ये तिने कोख मीडियाच विकत घेतली, त्यामुळे व्होलिशनही तिच्याकडे आलं. २०१९ मध्ये नाव झालं एम्ब्रेसर ग्रुप.

त्यानंतर अंथरूण आणि पाय यांचा संबंध सुटला. व्याजदर तळाला होते, करोनाच्या टाळेबंदीत जग घरात बसून गेम खेळत होतं, शेअर चढत होता. चढलेल्या शेअरच्या जोरावर कंपन्या घ्यायच्या, कंपन्या घेतल्या म्हणून शेअर आणखी चढायचा, मग आणखी घ्यायच्या. सेबर, गिअरबॉक्स, बैठ्या खेळांची फ्रेंच कंपनी असमोडी (ही एकटी पावणेतीन अब्ज युरोंना), डार्क हॉर्स ही कॉमिक्सची कंपनी, क्रिस्टल डायनॅमिक्स आणि आयडॉस माँट्रियल, टॉल्किनच्या मिडल-अर्थचे हक्क. शिखरावर असताना समूहात सव्वाशेहून अधिक स्टुडिओ होते. एवढ्या स्टुडिओंत एकाच वेळी काय चाललंय, कोणाचा गेम खरंच खेळण्यासारखा होतोय आणि कोणाला मदत हवी आहे, हे कळणारा माणूस या जगात नाही. विकत घेणं म्हणजे चालवणं असं समजून कारभार झाला.

या सगळ्याला पैसा कुठून येणार होता? एका करारातून. दोन अब्ज डॉलरचा, सहा वर्षांचा. ऑक्टोबर २०२२ पासून त्याबद्दल तोंडी होकार होता. २४ मे २०२३ रोजी कंपनीने जाहीर केलं की समोरच्याने आदल्या रात्री नकार कळवला. शेअर त्या दिवशी ४० टक्क्यांच्या आसपास कोसळला. समोरचा पक्ष सौदी अरेबियाच्या सरकारी पैशांवर चालणारा सॅव्ही गेम्स ग्रुप होता असं वृत्त पुढे आलं. आदल्याच वर्षी त्याने एम्ब्रेसरमध्ये एक अब्ज डॉलर गुंतवले होते.

तोंडी होकार. आपल्याकडे दोन खोल्यांचं घर घेणारा माणूस इसार देऊन कागद करून घेतो. इथे हजारो लोकांचे पगार, शेकडो चालू प्रकल्प आणि डोंगराएवढं कर्ज सही न झालेल्या शब्दावर उभं होतं. १३ जूनला पुनर्रचना जाहीर झाली. पुनर्रचना हा शब्द वरच्यांनी वापरायचा. खालच्यांना तो निरोपाचं पत्र म्हणून मिळतो. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी व्होलिशन बंद झालं.

तेच व्होलिशन. १९९३ पासूनचा प्रवास, ‘फ्रीस्पेस’, ‘रेड फॅक्शन’, ‘सेंट्स रो’. एका मालकाच्या यूड्रॉतून जे वाचलं ते दुसऱ्या मालकाच्या खरेदीच्या हौसेत गेलं. त्यांचा शेवटचा गेम, २०२२ चा नवा ‘सेंट्स रो’, कमजोर होता हे मी मान्य करतो. तो खेळताना जुन्याची धार कुठे गेली असं वाटत राहिलं. पण एक कमजोर गेम तीस वर्षांच्या स्टुडिओचा शेवट ठरावा इतकी त्या समूहाची शिल्लक कोणी संपवली होती, हा प्रश्न त्या गेमच्या गुणदोषांनी सुटत नाही.

पुढे त्याच साच्यातून एकामागून एक. डिसेंबरमध्ये इंग्लंडचा फ्री रॅडिकल बंद. जानेवारी २०२४ मध्ये आयडॉस माँट्रियलमध्ये ९७ जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि बनत असलेला ‘ड्यूस एक्स’चा गेम रद्द झाल्याचं वृत्त आलं. सेबर विकलं गेलं. गिअरबॉक्स घेताना अटी पूर्ण झाल्यास एकूण किंमत १३० कोटी डॉलरच्या वर जाईल असा करार होता. २०२४ मध्ये टेक-टू या अमेरिकी प्रकाशकाने त्यातला मोठा भाग ४६ कोटींना घेतला. एप्रिल २०२४ मध्ये एम्ब्रेसरने स्वतःचेच तीन तुकडे करायचं जाहीर केलं. म्हणजे चार-पाच वर्षं एकत्र आणण्यासाठी पैसे आणि माणसं खर्च केली, आणि पुढची दोन वर्षं तेच सोडवण्यात.

मंदी आली, व्याजदर वाढले, टाळेबंदी उठल्यावर खेळणारे कमी झाले, हे सगळं खरं. पण व्याजदर एक ना एक दिवस वाढणार आणि घरात कोंडलेली माणसं एक ना एक दिवस बाहेर पडणार, हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

असं पुन्हा पुन्हा का होतं? मला वाटतं, निर्णय घेणारा आणि त्याची किंमत मोजणारा यांच्यातलं अंतर हे त्याचं मूळ आहे. गेम बनायला चार-पाच वर्षं लागतात. कंपनीचा हिशेब दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो. तीन महिन्यांच्या हिशेबात नवी खरेदी दिसते, नवी घोषणा दिसते; एखाद्या टीमला आणखी आठ महिने दिले तर गेम चांगला होईल, हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही. वरिष्ठांचा मोबदला शेअरशी जोडलेला, त्यामुळे त्यांची नजरही त्याच रकान्यावर. आणि चूक झालीच तर जाणारा वरिष्ठ बहुधा करारातली रक्कम घेऊन जातो, तर ॲनिमेटर किंवा टेस्टर परगावी घेतलेल्या घराचे हप्ते मागे ठेवून नवं गाव शोधतो. त्याच्याबरोबर जातं ते ज्ञानही: कोणतं इंजिन (ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते) कुठे अडतं, मागच्या वेळी काय चुकलं होतं, हे ज्या डोक्यांत असतं ती डोकी पांगली की पुन्हा जमत नाहीत. शॅम्पेनसारख्या गावात दुसरा मोठा स्टुडिओ नाही. तिथे तीस वर्षांत जमलेलं कसब कोणत्याही लिलावात विकत मिळणार नाही.

हे सगळं अमेरिका आणि स्वीडनमधलं असलं तरी आपण त्यापासून लांब नाही. यूबीसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ पासून. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सॅंड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती या दोघांकडे सोपवली आहे असं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा इथल्या गेम बनवणाऱ्या मुलांना केवढा आनंद झाला होता. भारतातून एवढ्या मोठ्या नावाचा गेम पहिल्यांदाच निघणार होता. पहिली झलक आली, जगभरातून दृश्यांवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. तिथेही ते रखडत राहिलं. सगळा राग निघाला तो पुणे-मुंबईच्या टीमवर. पण ज्या टीमने एवढा मोठा गेम आधी स्वतंत्रपणे केलेला नाही, तिला चार महिन्यांवरची प्रकाशनाची तारीख जाहीर करून जगासमोर उभं करणं, हा निर्णय पुण्यात झाला असेल असं मला वाटत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. हे चांगलं झालं. या क्षेत्रात आपल्या मुलांनी यावं असं मला मनापासून वाटतं. पण सार्वजनिक पैसा ओतताना अट कोणती घालायची, यावर फार काही ठरतं. सिंगापूरचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिथल्या यूबीसॉफ्ट स्टुडिओत ‘स्कल अँड बोन्स’ हा समुद्री चाच्यांचा गेम वर्षानुवर्षं बनत होता, दिशा बदलत होता. २०२१ मधल्या वृत्तांनुसार सरकारी मदतीच्या करारात स्टुडिओने स्वतःचा नवा गेम काढण्याची अट होती, आणि तो प्रकल्प बंद न पडण्यामागे तेही एक कारण होतं. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आला, आणि एवढ्या वर्षांच्या मानाने फिकाच ठरला. अट वस्तूवर होती, म्हणून वस्तू निघाली.

आपली अट माणसांवर हवी. परदेशी मालकाने इथला स्टुडिओ विकला किंवा बंद केला तर कर्मचाऱ्यांना किती महिन्यांचा पगार मिळेल, ती रक्कम आधीच वेगळी काढून ठेवली आहे का, आणि अर्धवट राहिलेल्या किंवा दुसरीकडे हलवलेल्या गेमच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं राहतील का? तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण नवी नोकरी शोधणाऱ्या मुलीसाठी चार वर्षांच्या कामाचा तोच एक पुरावा असतो. हे विचारल्याने गुंतवणूकदार पळून जातील असं म्हणणारे भेटतील. ज्याला आपल्या माणसांचा सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवता येत नाही, त्याने पाच वर्षं चालणाऱ्या कामासाठी सरकारकडे हात पसरू नये, असं माझं त्यांना उत्तर आहे. यासाठी नवा कायदा करायला नको. अनुदानाच्या अर्जात तीन रकाने वाढवले आणि ते रिकामे असलेला अर्ज परत पाठवला, तर सुरुवातीला तेवढं पुरे आहे.